सॅक्सन वीर विदुकिंद व त्याच्या स्मारकाचा वाद

जर्मनी देशाच्या वेस्टफालिया प्रांतांत, हेरफोर्ड शहराजवळ, एंगर नांवाचें एक लहानसें नगर आहे. तेथील प्रॉटेस्टंट मंडळीच्या पुरातन उपासनामंदिरांत एक दगडी कबर असून तिच्या शिळेवर राजवेषधारी पुरुषाची आकृति कोरलेली आहे. ही शिळा सुमारें नऊशें वर्षांची जुनी आहे. दरवर्षीं ६ जानेवारी रोजीं, त्या पुरुषाच्या मृत्यूचा म्हणून परंपरेनें मानलेल्या दिवशीं, तेथील मुलांस त्याच्या नांवानें पाव वांटण्यांत येतात.

हा पुरुष संत नव्हता, उपदेशक नव्हता, आणि राजाही नव्हता. तो सॅक्सन लोकांचा पुढारी विदुकिंद होय. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या एका राजाशीं त्यानें सुमारें आठ वर्षें वैर चालविलें, आणि शेवटीं त्याच राजास धर्मपिता करून बाप्तिस्मा घेतला. अशा मनुष्याची आठवण कशी ठेवावी? देशाच्या स्वातंत्र्यासाठीं लढलेला वीर म्हणून, कीं प्रभूला शरण आलेला विश्वासी म्हणून? ह्या प्रश्नावर त्याच्याच देशांत मोठा वाद माजला, व त्या वादांतून पुढें फार अनर्थही घडला. ह्यास्तव त्याचें चरित्र आधीं सांगून मग त्या वादाकडे वळूं.

सॅक्सन लोक

इसवी सनाच्या आठव्या शतकांत ऱ्हाईन व एल्ब ह्या नद्यांच्या दरम्यान सॅक्सन लोकांची वस्ती होती. त्यांचे कित्येक भाऊबंद पूर्वींच समुद्र ओलांडून ब्रिटनांत गेले होते व तेथें ख्रिस्ती झाले होते. मागें राहिलेले लोक मात्र आपल्या जुन्याच देवांस भजत असत. त्यांच्यावर कोणी राजा नव्हता. सरदार, स्वतंत्र शेतकरी व बांधील कुळें असे तीन वर्ग त्यांच्यांत होते. वेझर नदीच्या कांठीं मार्कलो येथें वर्षांतून एकदां त्यांची सभा भरत असे. तींत तिन्ही वर्गांचे लोक येत, आणि युद्ध करावें कीं तह करावा हें सर्वांच्या विचारें ठरे.

ह्या सभेपुढें लेबुइन नांवाचा एक इंग्रज उपदेशक एकटाच जाऊन उभा राहिला, असें त्याच्या जुन्या चरित्रांत लिहिलें आहे. त्याच्या हातांत क्रूस व सुवार्तेचें पुस्तक ह्यांवांचून दुसरें कांहीं नव्हतें. त्यानें एका सत्य देवाविषयीं सांगितलें, आणि तुम्ही ऐकलें नाहीं तर शेजारचा राजा येऊन तुमचा देश उजाड करील, असा इशाराही दिला. तेव्हां लोक संतापून त्यास मारावयास उठले. परंतु त्यांच्यांतील एक वडील मनुष्य उभा राहून म्हणाला कीं, परक्या राजांचे वकील आले असतां आपण त्यांस मानानें वागवितों, तर देवाच्या वकिलास आपण मारावें काय? हें ऐकून लोकांनीं लेबुइनास सुखरूप जाऊं दिलें. सुवार्ता त्या देशांत प्रथम आली ती अशा निःशस्त्र माणसांकडून, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

फ्रँक राजाची स्वारी

पश्चिमेस फ्रँक लोकांचें राज्य होतें. त्यांचा राजा शार्लमेन हा मोठा पराक्रमी, विद्येचा चाहता व मंडळीचा कैवारी होता. पण राज्य वाढविणें व धर्म वाढविणें ह्या दोन गोष्टी त्याच्या मनांत निराळ्या नव्हत्या. इ. स. ७७२ मध्यें त्यानें सॅक्सन देशावर पहिली स्वारी केली. एरेसबुर्ग किल्ला घेऊन त्यानें इर्मिनसूल नांवाचा त्यांचा पूज्य स्तंभ पाडून टाकला. सर्व जगाचा भार ह्या स्तंभानें धरिला आहे अशी त्या लोकांची समजूत होती. तेथें सांठविलेलें सोनेंरुपें राजानें नेलें. येणेंप्रमाणें सॅक्सन शेतकऱ्यास ख्रिस्ती धर्माची ओळख झाली ती पाडलेला स्तंभ व लुटलेला खजिना ह्यांच्या द्वारें.

इ. स. ७७७ मध्यें राजानें त्याच देशांत पाडरबोर्न येथें मोठा दरबार भरविला. पुष्कळ सॅक्सन सरदार तेथें आले, त्यांनीं राजनिष्ठेची शपथ वाहिली, व पुष्कळांचा बाप्तिस्मा झाला. एक वेस्टफाली सरदार मात्र आला नाहीं. तो उत्तरेस डेन लोकांच्या राजाकडे निघून गेला होता. हाच विदुकिंद, आणि इतिवृत्तांत त्याचें नांव प्रथम येतें तें ह्याच प्रसंगीं.

दुसऱ्या वर्षीं राजा स्पेन देशांत गुंतला असतां सॅक्सन लोकांनीं बंड केलें. ते ऱ्हाईन नदीपर्यंत गांवें व मंदिरें जाळीत गेले. ह्या जाळपोळींत निरपराध ख्रिस्ती लोकही मारले गेले. विदुकिंदाचा पक्ष तेवढा निर्मळ होता असें समजूं नये. राजा परत आला कीं सॅक्सन लोक शपथा घेत. तो गेला कीं त्या मोडीत. असा क्रम कित्येक वर्षें चालला.

फेर्डेन येथील वध

इ. स. ७८२ मध्यें विदुकिंद परत आला व लोक पुन्हां उठले. झ्युन्टेल नांवाच्या डोंगराजवळ फ्रँक सैन्याची त्यांच्याशीं गांठ पडली. फ्रँक सेनापतींस विजयाचा मान दुसऱ्या कोणास मिळूं द्यावयाचा नव्हता. म्हणून ते सोबत्यांची वाट न पाहतां घोडे फेंकीत शत्रूवर धांवले, आणि बहुतेक सर्व कापले गेले. दोन सेनापति, चार मोठे अधिकारी व सुमारें वीस सरदार त्यांत पडले.

हें ऐकून राजा स्वतः चालून आला. विदुकिंद डेन लोकांकडे निसटला होता. राजाला मिळालेल्या सॅक्सन सरदारांनीं सर्व दोष त्याच्या माथीं मारला, व बंडांत सामील झालेलीं माणसें राजाच्या हवालीं केलीं. आलर नदीच्या कांठीं फेर्डेन येथें एका दिवसांत साडेचार हजार माणसांचा शिरच्छेद झाला, असें राजाच्या स्वतःच्या इतिवृत्तांत लिहिलें आहे. हा आंकडा फुगविलेला असावा असें कित्येक पंडितांस वाटतें. तथापि त्या दिवशीं घोर कृत्य घडलें ह्यांत शंका नाहीं. आणि तें करणाऱ्याच्या निशाणावर क्रूस होता असें मरणाऱ्यांस दिसलें असेल, तर त्यांस दोष कसा द्यावा?

त्याच सुमारास राजानें सॅक्सन देशासाठीं कायदे केले. बाप्तिस्मा चुकविण्यासाठीं लपून राहिल्यास देहांत शिक्षा. धर्माचा तिरस्कार म्हणून उपासाच्या दिवसांत मांस खाल्ल्यास देहांत शिक्षा. जुन्या रीतीप्रमाणें प्रेत जाळल्यास देहांत शिक्षा. अपराधी आपण होऊन याजकाकडे गेला व त्यानें पाप कबूल केलें तर जीव वांचे, एवढी दयेची वाट त्यांत ठेविली होती. ह्याखेरीज प्रत्येकानें आपल्या उत्पन्नाचा दशमांश मंदिरास व याजकांस द्यावा असाही हुकूम होता. ज्याला प्रभूची प्रार्थना अजून पाठ झाली नव्हती, त्याच्या खळ्यावर दशमांश वसूल करणारा येऊन उभा राहूं लागला.

विदुकिंदाचा बाप्तिस्मा

इ. स. ७८३ मध्यें दोन मोठ्या लढाया झाल्या व दोहोंतही सॅक्सन हरले. पुढें राजानें भर हिवाळ्यांतही छावणी हालविली नाहीं, आणि पिकें व गांवें ह्यांची नासाडी चालूच राहिली. इ. स. ७८५ मध्यें त्यानें विदुकिंदाकडे व त्याचा सोबती आब्बी ह्याच्याकडे निरोप पाठविला कीं, शरण याल तर जीव वांचेल. विदुकिंदानें आपल्या सुरक्षिततेसाठीं ओलीस मागितले व राजानें ते दिले. मग दोघे फ्रान्स देशांतील आतिन्यी येथील राजवाड्यांत आले, आणि तेथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. शार्लमेन स्वतः विदुकिंदाचा धर्मपिता झाला व त्यानें त्यास मोठमोठ्या देणग्या दिल्या. ही वार्ता रोम शहरीं पोंचली तेव्हां पोप हेड्रियन ह्यानें उपकारस्तुतीसाठीं तीन दिवस नेमिले.

त्या दिवशीं विदुकिंदाच्या अंतःकरणांत काय होतें हें देव जाणे. तो हरलेला होता, त्याचा देश भाजून निघाला होता, व शरण न येता तर आणखी हजारों माणसें मेलीं असतीं. लोकांवरील दयेनें तो आला कीं भयानें, कीं खरोखर त्यास प्रभूची ओढ लागली, हें त्याच्या तोंडच्या एका शब्दानेंही आपणांस कळत नाहीं, कारण त्याचा शब्द कोणीं लिहूनच ठेविला नाहीं. मात्र तो पुन्हां तलवार घेऊन उठल्याचा उल्लेख कोठेंही नाहीं. त्याच्या देशांत मागाहून बंडें झालीं, पण त्यांत त्याचें नांव येत नाहीं.

त्याच्या पुढील आयुष्याविषयीं पंडितांत मतभेद आहे. तो आपल्या जमिनीवर राहिला, एंगरचें मंदिर त्यानेंच बांधलें व तेथेंच त्यास पुरलें, अशी एंगरची परंपरा आहे. उलट १९८३ सालीं गेर्ड आल्थोफ ह्या जर्मन इतिहासकारानें असें मत मांडिलें कीं, राजानें त्यास रायखेनाउ येथील मठांत ठेविलें व तेथें तो संन्यासी म्हणून मेला.

आल्क्विनाचा निषेध

शार्लमेनाच्या दरबारीं आल्क्विन नांवाचा एक इंग्रज विद्वान होता. राजा त्यास गुरु मानीत असे. इ. स. ७९६ च्या सुमारास ह्या आल्क्विनानें राजाला व त्याच्या अधिकाऱ्यांना पत्रें लिहून स्पष्ट कळविलें कीं, विश्वास हा मनुष्याच्या इच्छेचा विषय आहे; मनुष्यास बाप्तिस्म्याच्या पाण्यापर्यंत ओढून नेतां येईल, पण विश्वासापर्यंत नेतां येणार नाहीं. आधीं शिकवावें, मग बाप्तिस्मा द्यावा, आणि त्यानंतर आज्ञा पाळावयास लावावें, हाच प्रभूनें प्रेषितांस घालून दिलेला क्रम आहे. दशमांशाच्या सक्तीनें सॅक्सन लोकांचा विश्वास उलथून पडला. ज्या नेटानें दशमांश वसूल केला त्याच नेटानें ख्रिस्ताचें हलकें जूं लोकांस सांगितलें असतें, तर ते बाप्तिस्म्यास कदाचित् भ्यालेही नसते, असें त्याचें म्हणणें होतें. राजाच्या अन्नावर असून राजाची चूक त्यास दाखविणें ही लहान गोष्ट नव्हे. इ. स. ७९७ मध्यें कायदे सौम्य झाले व पुष्कळ देहांत शिक्षांच्या जागीं दंड आले. परंतु युद्ध तेवढ्यानें थांबलें नाहीं. इ. स. ८०४ मध्यें एल्ब नदीकडील सुमारें दहा हजार सॅक्सन लोकांस बायकामुलांसह घरांतून उठवून दूर देशीं नेऊन वसविलें, तेव्हां तें संपलें.

सक्तीचें फळ कसें असतें तें पुढें दिसलें. इ. स. ८४१ मध्यें, म्हणजे विदुकिंदाच्या बाप्तिस्म्यानंतर छप्पन्न वर्षांनीं, सॅक्सन शेतकरी व कुळें पुन्हां उठलीं व जुन्या चालीरीती आम्हांस परत द्या म्हणून त्यांनीं सरदारांस हुसकून लाविलें. वरच्या लोकांस नव्या राज्यांत वतनें मिळालीं होतीं. गरिबांस मिळाला होता दशमांश. हें बंडही रक्तपातानें मोडण्यांत आलें.

तरी देवाचें कार्य बंद पडलें नव्हतें. इ. स. ८३० च्या सुमारास कोणा अज्ञात कवीनें सॅक्सन भाषेंत प्रभूचें चरित्र काव्यरूपानें रचिलें. हेलिआंड ह्या नांवानें तें प्रसिद्ध आहे. त्यांत प्रभू हा उदार धनी व शिष्य हे त्याचे निष्ठावंत सोबती असे सॅक्सन मनाला समजेल अशा रीतीनें वर्णिले आहेत. जें तलवारीला साधलें नाहीं तें मायबोलीनें हळूहळू साधलें. विदुकिंदाचा नातू वाल्टबर्ट हा इ. स. ८५१ मध्यें एका हुतात्म्याच्या अस्थि रोमहून आणून विल्डेसहाउझेन येथें मंदिर स्थापितांना आढळतो. आपण प्रॉटेस्टंट लोक अस्थींस महत्त्व देत नाहीं. पण ज्याच्या आजानें मंदिरें जाळिलीं तो नातू मंदिर बांधतो, एवढें त्यांतून घ्यावें. ह्याच घराण्यांतील माटिल्डा ही जर्मन राजाची राणी झाली, तिनें इ. स. ९४७ मध्यें एंगर येथें धर्मसंस्था स्थापिली, व तिचा पुत्र ऑटो हा इ. स. ९६२ मध्यें बादशहा झाला. हरलेल्याच्या वंशाकडे जिंकणाऱ्याचा मुकुट आला.

लोकांच्या कथा

लोकांनीं विदुकिंदाभोंवतीं पुष्कळ दंतकथा रचिल्या आहेत. एक अशी कीं, तो भिकाऱ्याच्या वेषानें शार्लमेनाच्या छावणींत ईस्टरच्या उपासनेस गेला असतां प्रभूभोजनाच्या भाकरींत त्यास एक तेजस्वी बालक दिसलें व त्याचें मन पालटलें. दुसरी अशी कीं, खरा देव असेल तर मला पाणी देवो असें त्यानें म्हणतांच त्याच्या घोड्यानें खुरानें खडक उकरला व झरा फुटला. तो झरा बेर्गकिर्खेन येथें अजून दाखवितात. एंगर येथील मंदिराचा बुरूज मंदिरापासून वेगळा उभा आहे. तीन गांवांनीं मंदिरें बांधावयास घेतलीं होतीं, व ज्याचें आधीं पुरें होईल तेथें आपणांस पुरावें असें विदुकिंदानें सांगितल्यावरून एंगरकरांनीं बुरूज मागें ठेवून मंदिर पुरें केलें, असें त्याचें कारण लोक सांगतात. ह्या कथांस इतिहास म्हणूं नये. परंतु त्यांत एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे: त्यांपैकीं कोणतीही कथा विदुकिंदास तलवारीच्या धाकानें ख्रिस्ती झालेला दाखवीत नाहीं. तसें घडावयास नको होतें, असें जणूं लोकांच्या मनास वाटत होतें.

स्मारकाचा वाद

कबरींतील म्हणून मानलेल्या अस्थि १४१४ सालीं हेरफोर्ड येथें नेण्यांत आल्या व १८२२ सालीं एंगरास परत आल्या. पुढें जर्मनीचें साम्राज्य झालें तेव्हां देशभर वीरांचे पुतळे उभारण्याची लाट आली. हेरफोर्ड येथें १८९९ सालीं विदुकिंदाचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला, व थोड्याच वर्षांनीं एंगरासही त्याचें स्मारक झालें.

१९३३ सालीं हिटलराचें राज्य आल्यावर वादास विषारी रूप आलें. रोझेनबेर्ग, हिमलर व त्यांचे अनुयायी ह्यांनीं शार्लमेनास सॅक्सनांचा खाटीक ठरविलें, आणि परक्या धर्माशीं लढलेला जर्मन रक्ताचा वीर म्हणून विदुकिंदास मिरविलें. त्याचा बाप्तिस्मा त्यांना अडचणीचा होता. म्हणून त्याविषयीं ते कमीच बोलत. १९३५ च्या आरंभीं हागेन येथें विदुकिंदावर एक नाटक झालें. त्यांत मंडळीची इतकी निंदा होती कीं रोमन कॅथॉलिक प्रेक्षकांनीं नाटकगृहांतच निषेध केला. त्याच वर्षीं आठ जर्मन इतिहासकारांनीं मिळून शार्लमेनाच्या बाजूनें एक ग्रंथ प्रसिद्ध केला.

फेर्डेन येथें हिमलराच्या हुकुमानें खेड्यापाड्यांतून धोंडे आणवून वधिलेल्या प्रत्येक माणसामागें एक, असे साडेचार हजार धोंडे एका वाटेच्या दोहों बाजूंस उभे करण्यांत आले. मेलेल्यांविषयीं शोक करावा म्हणून तें झालें नव्हतें. जिवंतांच्या मनांत मंडळीविषयीं द्वेष पेरावा म्हणून झालें होतें. १९३९ सालीं एंगर येथेंही विदुकिंदाच्या नांवें एक स्मृतिगृह ह्याच लोकांनीं उघडलें. जे फेर्डेनच्या साडेचार हजारांसाठीं धोंडे उभारीत होते, त्यांनींच पुढें लाखों यहूदी स्त्रीपुरुषांचा व मुलांचा संहार केला. आणि ज्या विदुकिंदाचा ते एवढा गौरव करीत, त्याचे हेरफोर्ड व एंगर येथील पुतळेही त्यांनीं १९४२ सालीं युद्धसामग्रीसाठीं वितळविले.

युद्धानंतर तेथील लोकांपुढें प्रश्न आला कीं, ह्या नांवाचें आतां काय करावें. नांवच पुसून टाकावें असें कांहींस वाटे. एका दुष्ट राजवटीनें नांव विटाळलें म्हणून आपला पूर्वज कां टाकावा, असें कांहींस वाटे. हेरफोर्ड येथें १९५९ सालीं पुतळा पुन्हां उभा राहिला. एंगरच्या स्मृतिगृहाचें पुढें संग्रहालय झालें. निरनिराळ्या काळांतील लोकांनीं आपापल्या सोयीनें विदुकिंद कसा घडविला, हें तेथें दाखविण्यांत येतें. फेर्डेनचे धोंडे हालविले नाहींत. ती जागा हनोव्हर प्रांतांतील प्रॉटेस्टंट मंडळीकडे आली असून तेथें तरुणांचीं शिबिरें भरतात. जो द्वेषाचा मार्ग म्हणून बांधिला, त्यावरून आज मंडळीचीं मुलें चालतात, व ते धोंडे कशासाठीं उभे केले हें त्यांस सांगितलें जातें.

बोध

प्रिय वाचकहो, ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावें? खेड्यांत काम करणाऱ्या उपदेशकास पुष्कळदां ऐकावें लागतें कीं तुमचा धर्म तलवारीच्या जोरावर पसरला. अशा वेळीं रागावूं नये, आणि खोटेंही बोलूं नये. फेर्डेन येथें जें झालें तें झालें, व तें पाप होतें, असें सरळ कबूल करावें. त्याबरोबर हेंही सांगावें कीं, त्या पापाचा निषेध करणारा मनुष्य त्याच राजाच्या दरबारीं व त्याच मंडळींत होता, आणि त्यानें प्रभूच्याच आज्ञेचा आधार घेऊन तो केला. आपल्या पूर्वजांचें पाप झांकून प्रभूची अब्रू राखतां येत नाहीं. प्रभूला तशा झांकणाची गरजही नाहीं.

दुसरी गोष्ट. बाप्तिस्मा मागणाऱ्यास आधीं नीट शिकवावें, घाई करूं नये, आणि कुटुंबाचा मुख्य आला म्हणजे सर्व घर आलें असें समजूं नये. सॅक्सन सरदार आले. सॅक्सन शेतकरी साठ वर्षें मनानें बाहेरच राहिला. वर्षाच्या अहवालांत बाप्तिस्म्यांचा आंकडा किती मोठा आहे ह्यापेक्षां किती घरांत प्रार्थना होते हें पाहणें बरें.

तिसरी गोष्ट स्मारकाविषयीं. मेलेल्या मनुष्यास आपली बाजू सांगतां येत नाहीं. म्हणून त्याचें नांव घेणाऱ्यानें भीत भीत घ्यावें. विदुकिंद लढला हेंही खरें, आणि तो शरण आला हेंही खरें. अर्धें सांगून त्यास आपल्या पक्षाचा झेंडा करणें हा त्याच्यावर अन्याय आहे, मग तो पक्ष देशाच्या नांवानें बोलो कीं धर्माच्या. ज्यांनीं त्याच्या नांवानें धोंडे उभारिले त्यांचें राज्य बारा वर्षांत लयास गेलें. एंगर येथील मुलांस मात्र अजून त्याच्या नांवानें पाव मिळतो. आपल्या गांवांतील वडील माणसांची आठवण ठेवण्याचा प्रसंग येईल तेव्हां चबुतऱ्यासाठीं वर्गणी गोळा करण्यापूर्वीं मंडळीच्या पंचांनीं ह्या पावाचा विचार करावा.